पेटी बदलायची की तपासायची?

नवी मुंबई, प्रतिनिधी

पावसाळ्यातील पहिल्या मोठ्या सरीनंतर गॅरेजांसमोर टो करून आणलेल्या मोटारींची रांग लागते, हे नवी मुंबईकरांच्या आता अंगवळणी पडले आहे. चावी फिरवली की स्टार्टर गरगरतो, पण इंजिन काही पकडत नाही. स्कॅनर जोडला तर पडद्यावर संपर्क होत नसल्याचा संदेश उमटतो आणि तपास तेथेच थांबतो. अशा वेळी मोटारमालकाच्या कानी पडणारे निदान बहुधा दोनच शब्दांचे असते, 'ईसीएम गेला'. ईसीएम किंवा ईसीयू म्हणजे इंजिनाचा सारा कारभार पाहणारा छोटा संगणक. ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. ती नवी घ्यायची तर साध्या मोटारीतही हजारो रुपयांची तजवीज करावी लागते आणि उंची मोटारींत हा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. ही पेटी खरोखरच निकामी झाली आहे काय आणि ते कोणी, कशाच्या आधारे ठरवले, असा प्रश्न मात्र मोटारमालक सहसा विचारत नाही. विचारला तरी त्याचे उत्तर देण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते.

वस्तुतः हे उत्तर मिळवण्याचा मार्ग आहे. पेटी मोटारीतून काढून टेबलावर घ्यायची, तिला बाहेरून वीज द्यायची, इंजिन फिरत असल्याचा आभास तिच्यापुढे उभा करायचा आणि ती काय करते ते पाहायचे. या व्यवसायातील मंडळी त्याला 'बेंच टेस्टिंग' म्हणतात. जाणकार कारागिराच्या हाती योग्य माहिती असेल तर हे काही तासांचे काम आहे. प्रश्न आहे तो या 'योग्य माहिती'चाच. ती कोणाच्या ताब्यात असावी, यावरून देशात २०११ पासून कायदेशीर झगडा झाला आहे आणि तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

कार्ब्युरेटर गेला, पेटी आली

भारतीय मध्यमवर्गाच्या मोटारीत हा संगणक शिरला तो हौसेपोटी नव्हे, तर प्रदूषणाच्या धाकाने. दिल्लीच्या हवेसंबंधीच्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी परिसरासाठी युरो निकषांचा आदेश दिला आणि मोटार कंपन्यांची धावपळ उडाली. मुंबईत 'भारत स्टेज-२' निकष २००१ मध्ये आले, 'स्टेज-३' २००५ मध्ये आणि 'स्टेज-४' २०१० मध्ये. एप्रिल २०१७ पासून 'स्टेज-४' देशभर लागू झाले आणि १ एप्रिल २०२० रोजी मधली पायरी गाळून देश थेट 'स्टेज-६'वर गेला. स्क्रूड्रायव्हरने पेचाला अर्धा फेरा देऊन ताळ्यावर आणता येणारा कार्ब्युरेटर या कसोट्यांना पुरा पडणे शक्यच नव्हते. त्याची जागा 'एमपीएफआय'ने घेतली. हवा किती आत आली, इंजिनाचे तापमान काय, धुरात प्राणवायू किती उरला, हे सारे सेन्सर पेटीला कळवतात आणि पेटी प्रत्येक सिलिंडरला किती सहस्रांश सेकंद इंधन द्यायचे ते ठरवते.

या बदलाने वाहनधारकाचा फायदाच झाला. मायलेज वाढले, थंडीत चोक ओढण्याचा जाच संपला. पण त्याबरोबर गॅरेजमधील अधिकाराची जागाही बदलली. पूर्वी मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगत असे. आता तो स्कॅनर लावून पेटीलाच विचारतो. पेटी बोलत असेल तोवर ही पद्धत उत्तम चालते. रोगीच बेशुद्ध पडला, तर त्याला लक्षणे विचारून काय उपयोग? पेटी मुकी झाली की स्कॅनर निरुपयोगी ठरतो आणि उरतो तो अंदाज. या अंदाजाचे पैसे ग्राहक मोजतो.

टेबलावर नेमके काय होते?

टेबलावरील चाचणीची सुरुवात विजेपासून होते. मोटारीतील बॅटरीऐवजी येथे असा पॉवर सप्लाय वापरतात, की ज्यावर व्होल्टेजबरोबर विद्युतप्रवाहाची कमाल मर्यादाही ठरवून देता येते. पेटीला तीन ठिकाणी जोडणी लागते. कायम वीज, चावी फिरवल्यावर येणारी वीज आणि अर्थ. कोणती पिन कशाची हे चुकले तर धडधाकट पेटीही टेबलावरच कामातून जाते. म्हणूनच प्रवाहाची मर्यादा आधी एक-दोन अँपिअरवर ठेवतात. चावीची जोडणी दिल्यावर सुस्थितीतील पेटी साधारणतः काही शे मिलिअँपिअर प्रवाह घेऊन स्थिरावते. काटा थेट मर्यादेला जाऊन भिडला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. हललाच नाही तर वीज आतपर्यंत पोचत नाही. या पहिल्या मिनिटातच अर्धे निदान होते. त्यासाठी लागणारे उपकरण कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडे असते.

दुसरी कसोटी पाच व्होल्टची. बहुतेक सेन्सरना पेटीच स्वतःतून पाच व्होल्टचा स्थिर पुरवठा करते. टेबलावर तो नीट मिळाला, पण मोटारीत मिळत नव्हता, तर दोष पेटीत नसून बाहेर आहे. एखादा सेन्सर आतून शॉर्ट होऊन हा पुरवठा खाली ओढतो आणि सारी यंत्रणा ठप्प होते. वरकरणी पाहणाऱ्याला पेटी मेल्यासारखी वाटते. सेन्सरचे कपलर एकेक करून काढत गेले, की दोषी सेन्सर सुटल्याक्षणी पाच व्होल्ट परत येतात. एका सेन्सरच्या किमतीत मिटणारे हे प्रकरण घाईच्या निदानात पेटीच्या किमतीवर जाते, ही या धंद्यातील जुनी हळहळ आहे.

तिसरी पायरी संभाषणाची. आजच्या मोटारीत पेट्या एकमेकींशी 'कॅन' नावाच्या दोन तारांवरून बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. या जोडीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, त्यामुळे मोटारीत बॅटरी सोडवून मीटर लावला तर साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. टेबलावर पेटी एकटीच असते, तेव्हा कमी पडणारा रोध बाहेरून जोडावा लागतो. तो न जोडल्यामुळे पेटी बोलली नाही आणि तेवढ्यावरून तिला मृत ठरवले, अशी चूक नवख्याकडून सहज होऊ शकते.

पेटी बोलू लागली की ती तक्रारींचा पाढा वाचते. तापमानाचा सेन्सर नाही, हवेचा नाही, थ्रॉटल नाही. टेबलावर यातले काहीच जोडलेले नसल्याने हे स्वाभाविकच आहे. कसब आहे ते या गोंगाटात नसायला हवा तो कोड ओळखण्यात. 'पी ०६०१' किंवा 'पी ०६०६' यांसारखे कोड पेटीची स्मृती वा तिचा प्रोसेसर यांतील बिघाडाकडे बोट दाखवतात. ते पुसूनही पुन्हा उमटले, तर संशय बळावतो.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आभासी इंजिनाची. इंजिन फिरत असल्याचे पेटीला क्रँक सेन्सरवरून कळते. अनेक मोटारींत क्रँकच्या चक्राला साठ दातांची जागा असते आणि त्यांपैकी दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. त्या पोकळीवरून पेटी पिस्टनची जागा ओळखते. मिनिटाला ८०० फेऱ्यांचे इंजिन भासवायचे असेल, तर सेकंदाला ८०० दातांच्या गतीने हा संकेत तयार करावा लागतो. त्यासाठीचे सिग्नल जनरेटर आता बाजारात मिळतात. संकेत बरोबर पोचला की पेटी इंजेक्टरना आणि इग्निशन कॉइलना आदेश देऊ लागते. त्यांच्या जागी जोडलेले दिवे क्रमाने लुकलुकतात. चारपैकी एक दिवा लागत नसेल, तर त्या सिलिंडरचा ड्रायव्हर जळालेला आहे. हा सुटा भाग बोर्डावरून उतरवून नवा बसवता येतो. संपूर्ण पेटी फेकण्याचे कारण उरत नाही.

टेबल सर्वज्ञ नाही

या चाचणीची मर्यादाही स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. टेबलावरची पेटी थंड असते, स्थिर असते आणि कोरडी असते. शीव-पनवेल महामार्गावरच्या कोंडीत मे महिन्याच्या दुपारी बॉनेटखाली जे तापमान असते, ते तेथे नसते. सोल्डरला गेलेली केसासारखी बारीक भेग गरम झाल्यावरच उघडते; इंजिन अर्ध्या तासाने बंद पडते आणि थंड झाल्यावर जणू काही घडलेच नाही असे सुरू होते. टेबलावर अशी पेटी 'उत्तीर्ण' होईल. म्हणून सावध कारागीर बोर्डावर गरम हवेचा झोत सोडून, हलके ठोकून, पुन्हा दिवे पाहतो. तरीही शंभर टक्के खात्री देता येत नाही. पेटी जिवंत आहे की नाही, एवढे टेबल निश्चित सांगते. मोटारीत ती निरोगी राहीलच, अशी हमी ते देत नाही.

आणि पुष्कळदा दोष पेटीत नसतोच. गंजलेला अर्थ, उतरलेली बॅटरी, उंदरांनी कुरतडलेले वायरिंग हे नेहमीचे आरोपी. खाडीकाठच्या खारट हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडणे ही तर या शहराची खास देणगी म्हणावी लागेल. व्यापारी वाहनांचे प्रकरण आणखी वेगळे. कळंबोलीसारख्या ट्रक टर्मिनलच्या परिसरात वाहनांच्या सांगाड्याला वेल्डिंग करणे हे रोजचेच काम. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकला त्याचे सोयरसुतक नव्हते. पण 'स्टेज-४' आणि 'स्टेज-६'च्या ट्रकांत बॅटरी व पेटीचे कपलर न सोडवता वेल्डिंग केले, तर पेटी खरोखरच जळू शकते. वाहनासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ही सूचना असते. ती किती जण वाचतात, हा भाग वेगळा.

२६ जुलैचा धडा

पाण्याचा विषय निघाला की २६ जुलै २००५ टाळता येत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कळंबोली आणि पनवेल परिसरही त्या दिवशी पाण्याखाली होता. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसला आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी येथे धारण तलाव खोदले ते त्यामुळेच. अनेक मोटारींत पेटी डॅशबोर्डखाली, पायांजवळ बसवलेली असल्याने आसनापर्यंत पाणी चढण्याआधीच ती बुडते.

तरीही बुडालेली प्रत्येक पेटी मेलेली नसते. पाण्याने होणारी हानी मुख्यतः वीज चालू असताना होते. ओल्या पिनांमधून प्रवाह वाहू लागला, की तांब्याच्या रेषा झपाट्याने खाल्ल्या जातात. म्हणून पाणी ओसरल्यावर 'एकदा चावी फिरवून पाहू' हा मोह महागात पडतो. इंजिनात पाणी असेल तर तेही वाकते आणि पेटीही जाते. बॅटरी ताबडतोब सोडवली, पेटी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, पुरती वाळवली आणि मग टेबलावर तपासली, तर ती वाचण्याची शक्यता असते. अलीकडील काही पेट्या जेलने भरून सील केलेल्या असतात. त्यांत पाणी सहसा शिरत नाही. पण शिरलेच तर त्या उघडणेही तितकेच कठीण.

विम्याचा अनुभव येथे फारसा दिलासा देणारा नाही. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि आनुषंगिक नुकसान वगळलेले असते. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेली हानी त्यामुळे वादात सापडते. इंजिनासाठीचे जादा संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. पेटी दावा म्हणून मान्य झाली तरी ती 'बदलली' म्हणून मान्य होणे सोपे आणि 'दुरुस्त केली' म्हणून मान्य होणे अवघड, कारण दुरुस्त पेटीवर शिक्का मारायला कोणीच तयार नसते.

माहितीची कुलपे

येथे प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही, हक्काचा होतो. कोणती पिन कशाची, याचा आराखडा नसेल तर टेबलावरची चाचणी सुरूच होत नाही. दुसरी पेटी बसवायची तर इमोबिलायझरचा संकेत जुळवावा लागतो. चावीतील चिप आणि पेटी यांची ओळख पटली नाही, तर इंजिन सुरू होत नाही. त्यासाठीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रापुरते राखलेले असेल, तर स्वतंत्र गॅरेजने कितीही अचूक निदान केले तरी ग्राहकाला अखेर त्याच दारात जावे लागते.

याच मुद्द्यावर शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीचा आवाका वाढत गेला आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना एकूण सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून द्यावीत, बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे आदेशही आयोगाने दिले. बातम्यांचे मथळे दंडाच्या आकड्याने व्यापले. ग्राहकाच्या दृष्टीने मोलाचे होते ते हे दुसरे आदेश. पुढे तीन कंपन्यांच्या अपिलावर स्पर्धा अपिली न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाचे मूळ निष्कर्ष उचलून धरले, दंड मात्र कमी केला. इतर कंपन्यांचे वाद निरनिराळ्या न्यायालयांत गेले. कोर्टकज्जांच्या या गर्दीत आराखडे आणि सॉफ्टवेअर तुर्भ्याच्या गॅरेजपर्यंत पोचण्याचा प्रश्न मागे पडला.

कंपन्यांच्या बाजूलाही तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टेबलावर पेटी वाचता आली की ती बदलताही येते. मोटारी चोरणाऱ्या टोळ्यांकडे आधीच तयार करून ठेवलेल्या पेट्या व चाव्या सापडल्याच्या बातम्या देशात वेळोवेळी आल्या आहेत. जादा ताकदीच्या हव्यासाने पेटीतील नकाशा बदलणारे, धूर गाळणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमधून बंद करणारे यांचाही एक बाजार आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यास मज्जाव करते. कुलपे काढून टाका, असे म्हणणे सोपे. चोराला आणि प्रदूषण करणाऱ्याला वगळून ती कशी काढायची, हे सांगणे अवघड आहे.

तथापि, कुलूप असले की पर्यावरण सुरक्षित, हा दावा २०१५ मध्येच कोसळला. आपली चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत कारखान्यातच भरलेले होते, असे अमेरिकेत उघड झाले. भारतात पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेच्या चाचण्यांनंतर कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी परत मागवल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड केला, त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. पेटी बाहेरच्या कोणाला वाचता येत नव्हती, हेच येथे लबाडी लपण्यास उपयोगी पडले.

नवी पेटी मिळालीच नाही तर?

'तपासत काय बसता, बदलून टाका' या सल्ल्यामागे नवी पेटी मागताच मिळेल, असे गृहीत असते. २०२१ मध्ये ते गृहीतही खोटे ठरले. जगभर चिपची टंचाई झाली आणि मारुती सुझुकीसारख्या कंपनीने त्या सप्टेंबरात आपले उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले. नव्या मोटारींसाठीच चिप नसताना पंधरा वर्षे जुन्या मोटारीच्या पेटीचा क्रम कितवा लागणार? बंद झालेल्या मॉडेलच्या मालकांना तर टंचाई नसतानाही दुरुस्तीवाचून गत्यंतर नसते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'वर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारींचाही त्यात समावेश आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी, ही कल्पना चांगली आहे. परंतु सेवा केंद्राचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक म्हणजे पिनांचा आराखडा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी कौल दिल्यानंतर मोटार कंपन्यांना निदानाची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे भाग पडले. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

तोवर मोटारमालकाच्या हाती आहे ते जॉबकार्ड. पेटी बदलण्यास संमती देण्यापूर्वी बॅटरी, अर्थ, पाच व्होल्टचा पुरवठा आणि 'कॅन'ची जोडणी तपासल्याची नोंद मागता येते. कोणता कोड आला, पेटीला वीज पोचत होती काय, हे लिहून घेता येते. काढलेली जुनी पेटी परत मिळावी, अशी अटही सही करण्याआधीच कार्डावर घालता येते. पुढे सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर हे कागद आणि ती पेटी यांखेरीज मोटारमालकाजवळ दाखवण्यासारखे दुसरे काही नसते. जुनी पेटी परत मिळाली की ती नंतरही कोणाच्या तरी टेबलावर ठेवता येते.